जर्मनीत साठलेला पैसा युरोपीय फंडात घालताना: व्याजदराची वाट न पाहता सुरुवात कशी करावी

म्युनिक, स्टुटगार्ट किंवा फ्रँकफर्टला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाचं पहिलं वर्ष घर शोधण्यात, विम्याच्या कागदपत्रांत आणि जर्मनच्या वर्गात जातं. दुसऱ्या वर्षी पगाराच्या खात्यात बऱ्यापैकी रक्कम पडून असल्याचं लक्षात येतं आणि मग प्रश्न सुरू होतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, व्हॉट्सॲपच्या गटावर विचारणा तीच असते: "युरोपातल्या फंडात आत्ता पैसे घालू, की महागाई आणि व्याजदर एकदाचे स्थिर होईपर्यंत थांबू?"

व्याजदर कुठे जाणार हे नवख्या माणसाला ठरवता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. दोन गोष्टी मात्र त्याला घरबसल्या ठरवता येतात: हे पैसे कधी लागणार, आणि ते कुठल्या चलनात खर्च होणार. फंडाची निवड जवळजवळ पूर्णपणे या दोन उत्तरांतून निघते. पुढचा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. जर्मनीत राहून तिथेच कर भरणारे वाचक मी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. नेदरलँड्स किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना फंडांबद्दलचा भाग तसाच लागू पडेल, कराचा भाग मात्र अजिबात नाही.

आधी गेल्या काही वर्षांत काय घडलं

युरोपीय मध्यवर्ती बँक, म्हणजे ईसीबी, फ्रँकफर्टला आहे. महागाई मध्यम मुदतीत २ टक्क्यांवर ठेवणं हे तिचं उद्दिष्ट. २०२२ च्या जुलैपर्यंत तिचा ठेव दर, म्हणजे बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशावरचा व्याजदर, उणे ०.५ टक्के होता. जर्मनीतल्या काही बँका तर मोठी शिल्लक सांभाळण्याबद्दल ग्राहकांकडूनच पैसे घेत होत्या. मग कोविडनंतरची टंचाई आणि युक्रेन युद्धानंतरचे गॅसचे भाव एकत्र आले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये युरो क्षेत्राची महागाई १०.६ टक्क्यांवर पोचली. ईसीबीने लागोपाठ दहा वेळा दर वाढवला आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तो ४ टक्क्यांवर नेला. २०२४ च्या जूनपासून उतरण सुरू झाली. २०२५ च्या जूनमध्ये दर २ टक्क्यांवर आला आणि ते वर्ष संपेपर्यंत तिथेच राहिला.

या काळात थांबलेल्या माणसाचा हिशोब पाहा. युरो क्षेत्राची सरासरी महागाई २०२२ मध्ये ८.४, २०२३ मध्ये ५.४ आणि २०२४ मध्ये २.४ टक्के होती. बिनव्याजी चालू खात्यात पडलेल्या १०,००० युरोंची खरेदीशक्ती तीन वर्षांत साधारण ८,५०० वर आली. खात्यावरचा आकडा तोच राहिला, म्हणून कोणाला तोटा जाणवला नाही. थांबणं फुकट असतं असं वाटतं, आणि नवे लोक नेमके इथेच फसतात.

पहिली पायरी: पैशाच्या वाटण्या

एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात वर्षभरात लागू शकणारे पैसे. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च, भारतात जायची तिकिटं, घर बदलायचं असेल तर तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी अनामत. नोकरीशी जोडलेला व्हिसा असेल तर मी सहा महिन्यांच्या खाली जाणार नाही, कारण नोकरी गेली तर पगार आणि परवाना या दोन्ही चिंता एकदम येतात. हे पैसे टागेसगेल्ड खात्यात ठेवा, म्हणजे कधीही काढता येणाऱ्या बचत खात्यात. तिथे एका बँकेत एका माणसाच्या १ लाख युरोंपर्यंतच्या ठेवीला कायद्याचं संरक्षण आहे. जाहिरातीतला आकर्षक दर बहुधा नव्या ग्राहकांना आणि काही महिन्यांपुरताच असतो. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसऱ्या रकान्यात दोन ते सहा वर्षांत लागणारे पैसे: घराचं डाउनपेमेंट, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता, परतीची तयारी, मुलांचं शिक्षण.

तिसऱ्या रकान्यात दहा वर्षं हात न लावता ठेवता येतील ते पैसे. शेअर फंड फक्त याच रकान्यासाठी.

प्रत्येक रकमेपुढे 'युरो' किंवा 'रुपये' असं लिहा. याकडे पुढे येऊच.

दुसरी पायरी: रोखे फंडाची मेख समजून घेणं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण 'सरकारी रोखे' हे शब्द ऐकले की आपल्या लोकांना पोस्टातली ठेव आठवते. रोखा म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचा, बाजारात विकता येणारा कागद. अशा कागदांचा फंड पोस्टातल्या ठेवीसारखा नसतो.

समजा, १०० युरोंचा, दहा वर्षांचा, १ टक्का व्याज देणारा रोखा तुमच्याकडे आहे. उद्या बाजारात तसाच नवा रोखा ३ टक्के द्यायला लागला. तुमचा जुना रोखा आता १०० ला कोण घेईल? त्याची किंमत सुमारे ८३ पर्यंत उतरते. रोखा तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर मुदतअखेर १०० मिळतात आणि मधली घसरण विसरता येते. फंडाला मात्र मुदतच नसते. तो जुने रोखे विकत आणि नवे घेत राहतो, त्यामुळे ही घसरण रोजच्या किमतीत दिसते.

ती किती असेल, हे सांगणारा आकडा म्हणजे ड्युरेशन. फंडाच्या माहितीपत्रकात दुसऱ्या-तिसऱ्या पानावर छोट्या अक्षरांत असतो. ड्युरेशन ७ म्हणजे बाजारातला व्याजदर १ टक्का वाढला तर फंड साधारण ७ टक्के पडेल, आणि १ टक्का उतरला तर तेवढाच वर जाईल. २०२२ मध्ये युरोतल्या सर्वसाधारण सरकारी रोखे फंडांनी १५ टक्क्यांहून जास्त मार खाल्ला, तो याच गणितामुळे. टोकाचं उदाहरण ऑस्ट्रियाचं. त्या सरकारने २०२० मध्ये २१२० साली परत फेडायचा, ०.८५ टक्के व्याजाचा रोखा काढला. दर वाढले तेव्हा त्याची किंमत छापील किमतीच्या निम्म्याच्याही खाली गेली. ऑस्ट्रियाने देणं बुडवलेलं नाही आणि बुडवेल अशी भीतीही नव्हती. मुदत फार लांब होती, एवढंच कारण.

आता एक बारकावा, जो बातम्यांमध्ये हरवतो. ईसीबी ठरवते तो दर एका रात्रीपुरत्या पैशाचा असतो. दहा वर्षांचा दर बाजार ठरवतो, आणि हे दोन्ही उलट दिशांना जाऊ शकतात. २०२५ च्या मार्चमध्ये ते डोळ्यांदेखत झालं. ४ मार्चच्या संध्याकाळी जर्मनीतल्या होऊ घातलेल्या सरकारच्या पक्षांनी संरक्षणासाठी कर्जमर्यादा सैल करण्याची आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंच्या निधीची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी जर्मनीच्या दहा वर्षांच्या रोख्याचा दर जवळजवळ ०.३ टक्के अंकांनी उसळला. एका दिवसातली इतकी मोठी वाढ १९९० नंतर पहिलीच. ६ मार्चला ईसीबीने आपला दर कमी केला. म्हणजे 'व्याजदर उतरणार, तेव्हा रोखे फंड घ्या' असा सल्ला ऐकून त्या आठवड्यात लांब मुदतीचा फंड घेतलेल्या माणसाचा अंदाज बरोबर ठरला आणि पैसे मात्र कमी झाले.

म्हणून नवख्यासाठी मी एकच नियम सांगतो: पैसे जितक्या वर्षांनी लागणार, त्याहून जास्त ड्युरेशनचा फंड घेऊ नका. तीन वर्षांनी लागणार असतील तर ड्युरेशन ३ किंवा कमी. यामागे हिशोब आहे. दर एकदा वाढला की फंड पडतो, पण त्यानंतर फंडातले नवे रोखे जास्त व्याज देऊ लागतात, आणि ड्युरेशनइतकी वर्षं थांबलात तर ती घट साधारण भरून निघते. त्याआधी पैसे काढावे लागले तरच तोटा पदरात पडतो.

दुसऱ्या रकान्यासाठी युरोपात आज हाताशी असलेले पर्याय असे. मनी मार्केट फंड हा एका रात्रीच्या दराच्या मागे चालतो, त्यामुळे पडण्याची भीती जवळजवळ नसते, पण ईसीबीने दर कमी केला की त्याचं उत्पन्नही लगेच कमी होतं. एक ते तीन वर्षांच्या सरकारी रोख्यांचा ईटीएफ (म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) थोडा हलतो. ठरावीक वर्षी संपणारे रोखे ईटीएफ २०२३ पासून युरोपातही मिळू लागले आहेत. त्यात फंडाला खरोखरच मुदत असते, त्यामुळे 'पैसे २०२९ मध्ये लागणार' असं ठाऊक असलेल्याला ते मला सर्वांत सोयीचे वाटतात, मात्र त्यांतले बरेच कंपन्यांच्या रोख्यांचे असतात हे पाहून घ्या. आणि साधं फेस्टगेल्ड, म्हणजे मुदत ठेव, ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही. रक्कम छोटी असेल तर तेच करा.

महागाईशी जोडलेल्या रोख्यांचे फंड नावावरून मोहात पाडतात. फ्रान्स आणि इटली असे रोखे काढतात. जर्मनीने २०२४ पासून नवे काढणं थांबवलं. २०२२ मध्ये महागाई दोन आकड्यांवर असतानाही हे फंड तोट्यात गेले. कारण तेच: त्यांचं ड्युरेशन लांब होतं, आणि महागाईची भरपाई मिळाली त्याहून व्याजदरवाढीचा फटका मोठा होता. घ्यायचेच असतील तर ड्युरेशनचा आकडा आधी पाहा, नाव नंतर.

तिसरी पायरी: शेअर फंड घेताना 'युरोप' म्हणजे कुठला, ते पाहणं

युरोप, युरोपीय संघ आणि युरो क्षेत्र ही तीन वेगवेगळी वर्तुळं आहेत, आणि फंडाच्या नावात त्यातलं कोणतं आहे यावर तुमच्या पदरात काय पडणार हे ठरतं. स्टॉक्स युरोप ६०० या निर्देशांकात १७ देशांतल्या ६०० कंपन्या आहेत. त्यात ब्रिटन आणि स्वित्झर्लंडही येतात, म्हणून नेस्ले, रोश, शेल, ॲस्ट्राझेनेका तिथे दिसतात. युरो स्टॉक्स ५० मध्ये फक्त युरो वापरणाऱ्या देशांतल्या ५० मोठ्या कंपन्या: एएसएमएल, एसएपी, सीमेन्स, एलव्हीएमएच वगैरे. डॅक्समध्ये ४० जर्मन कंपन्या.

डॅक्सबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. टीव्हीवर दिसणाऱ्या डॅक्सच्या आकड्यात लाभांश धरलेला असतो. फ्रान्सच्या सीएसी ४० आणि ब्रिटनच्या एफटीएसई १०० च्या नेहमीच्या आकड्यात नसतो. त्यामुळे 'डॅक्सने सगळ्यांना मागे टाकलं' ही तुलना बरेचदा मुळातच चुकीची असते.

व्याजदर आणि महागाईचा परिणाम सगळ्या कंपन्यांवर सारखा होत नाही. दर उणेवरून वर आले तेव्हा बँकांचा नफा वाढला. वीज, पाणी पुरवणाऱ्या आणि घरं भाड्याने देणाऱ्या, डोक्यावर मोठं कर्ज असलेल्या कंपन्यांना त्याच काळात झळ बसली. २०२२ मध्ये स्टॉक्स युरोप ६०० सुमारे १३ टक्के पडला आणि त्याच वर्षी एफटीएसई १०० किंचित वर राहिला, कारण त्यात तेल आणि खाणींच्या कंपन्यांचं वजन मोठं. यातून 'मग या वर्षी बँकांचा फंड घ्यावा का' असा प्रश्न सुचतो. नवख्याने घेऊ नये. एका क्षेत्राचा फंड म्हणजे दराचा अंदाज बांधणंच झालं, फक्त दुसऱ्या नावाने. ६०० कंपन्यांत ज्याचा फायदा व्हायचा तो आणि ज्याचा तोटा व्हायचा तो, दोघेही आधीच आहेत.

दहा वर्षांची अट मी का घालतो? २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टॉक्स युरोप ६०० महिन्याभरात सुमारे ३५ टक्के कोसळला. युरो स्टॉक्स ५० ने २००० च्या मार्चमध्ये गाठलेला उच्चांक पुन्हा ओलांडायला २०२५ उजाडलं. लाभांश धरले तर भरपाई बरीच आधी झाली होती, तरी हा आकडा लक्षात असावा. दर महिन्याला थोडे थोडे घेणाऱ्याची गोष्ट यात वेगळी होते, कारण त्याने पडलेल्या वर्षांतही घेतलेलं असतं.

आणखी एक मत, पटलं तर घ्या. तुमचा पगार, तुमचं सरकारी पेन्शन, कदाचित पुढे घरही, हे सगळं आधीच जर्मनीवर अवलंबून आहे. मग बचतही डॅक्समध्ये टाकणं म्हणजे सगळा भार एकाच देशावर. तिसऱ्या रकान्याचा पाया जगभराच्या निर्देशांकाच्या फंडावर ठेवावा आणि युरोपीय फंड त्याच्या जोडीला घ्यावा. विकसित देशांच्या जागतिक निर्देशांकात अमेरिकेचं वजन सुमारे ७० टक्के आहे. ते जास्त वाटणाऱ्याला युरोपीय फंडाने तोल साधता येतो. मी स्वतः युरोपचा वाटा शेअरमधल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे नेणार नाही.

चौथी पायरी: चलन

आता कागदावरच्या 'रुपये' लिहिलेल्या ओळींकडे या. २०२२ च्या जुलैमध्ये युरो ८० रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो १०० च्या वर गेला. काहीही न करता युरो सांभाळून ठेवलेल्याला रुपयांत २५ टक्के जास्त मिळाले. हे वाचून हुरळून जाऊ नका. २०१४ च्या सुरुवातीला युरो ८४-८५ रुपयांना होता आणि २०१५ च्या वसंतात ६६-६७ वर आला. त्या वर्षी परत जाणाऱ्याला व्याजाच्या टक्क्या-दोन टक्क्यांनी काहीच फरक पडला नसता.

म्हणून दोन-तीन वर्षांत भारतात नक्की लागणारे पैसे युरोतल्या फंडात गुंतवून 'परतावा' शोधू नका. ते टप्प्याटप्प्याने भारतात पाठवा. जे आयुष्यभर जर्मनीत राहणार आहेत त्यांच्यासाठी युरोच घरचं चलन आहे. आणि ज्यांचं अजून ठरलेलं नाही (असे बरेच असतात) त्यांनी दुसऱ्या रकान्याचे सरळ दोन भाग करावेत.

इथे नव्यांचा हमखास गोंधळ होतो. फंडाची किंमत कुठल्या चलनात दाखवली जाते याला महत्त्व नाही. स्टॉक्स युरोप ६०० चा फंड युरोत विकत घेतला तरी त्यातल्या ब्रिटिश कंपन्यांमुळे पौंडाचा आणि स्विस कंपन्यांमुळे फ्रँकचा चढउतार तुमच्या वाट्याला येतो. फंडाच्या आत काय आहे, चलन तिथे ठरतं.

पाचवी पायरी: फंडाचे कागद वाचणं

प्रत्येक फंडाला आयसिन नावाचा १२ अक्षरांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं देशाची: आयई म्हणजे आयर्लंड, एलयू म्हणजे लक्झेम्बर्ग, डीई म्हणजे जर्मनी. बहुतेक युरोपीय ईटीएफ आयर्लंड किंवा लक्झेम्बर्गमध्ये नोंदलेले असतात. नावात 'यूसिट्स' हा शब्द हवाच. युरोपीय संघाच्या या नियमावलीनुसार साधारण फंडाला एका कंपनीत १० टक्क्यांहून जास्त पैसे ठेवता येत नाहीत. निर्देशांकाच्या फंडांना थोडी सूट आहे. फंडातली मालमत्ता वेगळ्या संस्थेकडे सांभाळायला द्यावी लागते. जर्मन कायद्यात या मालमत्तेला झोंडरफरम्योगन म्हणतात: फंड चालवणारी कंपनी बुडाली तरी तिला कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. किंमत पडली तर मात्र कोणीच भरून देत नाही.

फंडाबरोबर दोन-तीन पानांचं मुख्य माहितीचं पत्रक मिळतं. त्यात तीन जागा पाहा. जोखमीचा १ ते ७ आकडा, वार्षिक खर्च, आणि पैसे किती वर्षं ठेवावेत याची शिफारस. खर्चाच्या ओळीवर बोट ठेवूनच पुढे जा. स्टॉक्स युरोप ६०० चे ईटीएफ वर्षाला ०.०७ ते ०.२० टक्के घेतात. बँकेतला सल्लागार सुचवतो तो फंड बहुधा दीड टक्क्याच्या पुढे असतो, शिवाय सुरुवातीलाच ५ टक्क्यांपर्यंत प्रवेशशुल्क. १०,००० युरो, वर्षाला ६ टक्के वाढ, २० वर्षं: ०.२ टक्के खर्चात साधारण ३०,९०० होतात, १.७ टक्के खर्चात २३,२००. साडेसात हजारांहून जास्त युरो नुसते खर्चात गेले. ईसीबीच्या कुठल्याही बैठकीचा अंदाज अचूक बांधून नवखा माणूस एवढे मिळवणार नाही.

लाभांश वाटणारा फंड की तो पुन्हा गुंतवणारा? लांबच्या मुदतीला पुन्हा गुंतवणारा घ्या. जर्मन पडद्यावर त्याला 'थेझाउरिअरेंड' म्हटलेलं असतं, वाटणाऱ्याला 'आउसश्युटेंड'.

सहावी पायरी: खातं आणि मासिक योजना

फंड ठेवण्याच्या खात्याला इथे डेपो म्हणतात. ऑनलाइन बँकेत किंवा ॲपवाल्या दलालाकडे ते उघडायला पासपोर्ट, निवास परवाना, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला आणि ११ अंकी कर क्रमांक लागतो. ओळख पटवणं व्हिडिओ कॉलवर किंवा पोस्टात जाऊन होतं. भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर चालत नसेल तर पोस्टाचा मार्ग निवडा.

खातं उघडल्याच्या दिवशीच एक काम उरका: फ्रायश्टेलुंग्सआउफट्राग, म्हणजे बँकेकडे करायचा करसवलतीचा अर्ज, भरणं. व्याज, लाभांश आणि नफा मिळून वर्षाला एकट्याला १,००० युरो आणि एकत्र कर भरणाऱ्या जोडप्याला २,००० युरो करमुक्त आहेत, पण बँकेला तुम्ही सांगितल्याशिवाय ती ही सूट देत नाही. दोन बँकांत खाती असतील तर रक्कम विभागून द्या, उदाहरणार्थ टागेसगेल्डच्या बँकेला ३००, डेपोला ७००. सूट द्यायची राहिली तर कापलेला कर विवरणपत्रातून परत मागता येतो.

मग श्पारप्लान सुरू करा. हे आपल्या एसआयपीसारखंच. काही ठिकाणी १ युरोपासूनही चालतं. पगार जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पैसे जातील अशी तारीख ठेवा. आधीच साठलेली मोठी रक्कम असेल तर सहा ते बारा हप्त्यांत घाला. हिशोबाने एकरकमी घालणं बरेचदा जास्त देतं, पण पहिल्याच महिन्यात १० टक्के घसरण पाहून माणूस सगळं विकून मोकळा होतो, आणि तो धोका मला मोठा वाटतो. हाताने खरेदी करायची तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० या वेळात करा. त्या वेळी फ्रँकफर्टचा क्सेट्रा बाजार चालू असतो आणि खरेदी-विक्रीच्या किमतीतला फरक कमी राहतो. रात्री ॲप उघडून ऑर्डर टाकली तर हा फरक वाढलेला असू शकतो.

कराबद्दल, थोडक्यात पण नक्की

नफ्यावर २५ टक्के आणि त्या करावर ५.५ टक्के अधिभार, म्हणजे २६.३७५ टक्के कर लागतो. निम्म्याहून जास्त पैसे शेअरमध्ये असणाऱ्या फंडाच्या नफ्याचा ३० टक्के भाग यातून वगळतात. रोखे फंडाला ही सवलत नाही.

लाभांश पुन्हा गुंतवणाऱ्या फंडावर दर जानेवारीत फोराबपाउशाले नावाचा आगाऊ कर लागू शकतो, आणि तो पाहून नवे लोक दचकतात. २०२५ चं उदाहरण घ्या. त्या वर्षाचा आधार दर २.५३ टक्के, त्याच्या ७० टक्के म्हणजे १.७७१ टक्के. वर्षाच्या सुरुवातीला १०,००० युरोंचा शेअर फंड असेल तर १७७ युरो उत्पन्न मानलं जातं. ३० टक्के वगळून उरले १२४. त्यावर कर सुमारे ३३ युरो, तोही १,००० युरोंची सूट संपलेली असेल तरच. फंड त्या वर्षी वाढलाच नसेल तर काहीच नाही. विकताना हा भाग वजा होतो, म्हणजे दोनदा कर बसत नाही. जानेवारीत दलालाकडच्या खात्यात थोडी रोकड ठेवा, एवढंच.

भारतात जुनी एसआयपी चालू असलेल्यांनी मात्र कान टवकारावेत. तुम्ही जर्मनीचे कर रहिवासी असाल तर भारतातल्या म्युच्युअल फंडांनाही हाच कायदा लागू होतो, आणि तिथलं फंड हाउस जर्मन कर कापत नसल्यामुळे तो तुम्हाला विवरणपत्रात स्वतः दाखवावा लागतो. रक्कम मोठी असेल तर करसल्लागाराची फी वसूल होते.

यांच्यापासून सध्या लांब राहा

खुले मालमत्ता फंड, म्हणजे इमारतींत पैसे घालणारे फंड, 'महागाईपासून संरक्षण' म्हणून विकले जातात. त्यात किमान २४ महिने पैसे ठेवावे लागतात आणि काढण्यासाठी १२ महिन्यांची पूर्वसूचना लागते. २०२४ च्या जूनमध्ये निवासी इमारतींच्या एका मोठ्या फंडाचं मूल्य एका दिवसात सुमारे १७ टक्क्यांनी खाली आणलं गेलं. तोपर्यंत त्याची जोखीम कमी समजली जात होती.

परदेशी इंजिनियरांना गाठून 'करबचत पेन्शन' विकणाऱ्यांनाही घाईने सही देऊ नका. त्यातल्या बाझिसरेंटे प्रकारात पैसे मध्येच काढता येत नाहीत, एकरकमीही मिळत नाहीत. साठी ओलांडल्यावर मासिक पेन्शन म्हणूनच मिळतात. पाच वर्षांनी नाशिकला परतणाऱ्यासाठी ती अडकणूक आहे. तटस्थ सल्ला हवा असेल तर ग्राहक केंद्रात, म्हणजे फरब्राउखरत्सेंट्रालेमध्ये, ठरावीक शुल्क भरून वेळ घेता येते.

नंतर काय करायचं

ईसीबीची व्याजदराची बैठक वर्षातून आठ वेळा होते. निर्णय दुपारी सव्वादोनला येतो, पावणेतीनला पत्रकार परिषद सुरू होते. अवश्य ऐका, अर्थव्यवस्था कळायला लागते. त्या दिवशी फंडात मात्र काही करू नका. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या सुट्टीत, कागद काढा. तीन रकान्यांतल्या रकमा पाहा. शेअरचा वाटा ठरवल्यापेक्षा फार वाढला असेल तर नवे हप्ते काही महिने दुसरीकडे वळवा. जे पैसे तिसऱ्या रकान्यात होते पण आता चार वर्षांवर आले आहेत, ते हळूहळू दुसऱ्यात न्या. फंड बदलायचं खरं कारण तुमची तारीख जवळ आली हे असतं; दर बदलला म्हणून काही बदलायचं नसतं.

आणि भारतात कायमचं परतायचं ठरलं, तर निदान सहा महिने आधी दलालाला विचारा. युरोपीय संघाबाहेर गेलेल्या ग्राहकाचं खातं अनेक जण चालू ठेवत नाहीत. भारताच्या परकीय चलन कायद्यानुसार परदेशात राहताना घेतलेली मालमत्ता परतल्यावरही तुम्हाला ठेवता येते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं बहुतेकांना 'रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही' असा दर्जा मिळतो, तेव्हा परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे भारतात कर नसतो. तो संपल्यावर मात्र तो कर भरावा लागतो आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागतो. विक्री कधी करायची हे या तारखांवरून ठरवा, आणि दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या माणसाला एकदा विचारा. खातं बंद व्हायच्या आधी दलालाच्या ऑनलाइन टपालपेटीतले खरेदीचे सगळे कागद आणि दर वर्षीचा कराचा दाखला उतरवून घ्या. पुण्यातला सीए पहिल्या भेटीत खरेदीची तारीख आणि किंमत मागेल, आणि तोवर ती टपालपेटी बंद झालेली असेल.